टॉर्चला पत्ता कशाला हवा?

मित्रांनो, मी एक जुना टॉर्च आहे, पण मला हातात धरायला जाल तर हाताला काहीच लागणार नाही. मला नळी नाही, काच नाही, सेल घालायला मागे झाकण नाही. मी फोनमध्ये राहतो. स्क्रीनवर एक पिवळं गोल चित्र असतं, त्यावर अंगठा टेकवला की फोनच्या पाठीवरचा दिवा लागतो. माझं काम एवढंच. निदान मला तरी एवढंच सांगण्यात आलं होतं.

आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की हळव्या होतात, आमच्या वेळी असं होतं नि तसं होतं म्हणत डोळे पुसतात. मला ते जमणार नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेलेली आहे आणि ती का गेली हे तुम्हाला कळलंच पाहिजे. कारण तुमच्या घरात जेवढे फोन आहेत, त्यांतल्या एखाद्यात मी असेन.

आणखी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढे गोंधळ व्हायचा नाही. मी एकच आहे, पण राहतो लाखभर फोनांत. ज्यानं ज्यानं मला फोनमध्ये उतरवून घेतलं, त्याच्या त्याच्याकडे मी आहे. आणि ऐकू कसं येतं म्हणाल, तर फोनमध्ये राहणाऱ्याला ऐकू काय येत नाही?

माझा जन्म एका भाड्याच्या खोलीत झाला. तिथे दोन मित्र राहत. एक चष्मेवाला, एक दाढीवाला. चष्मेवाल्याची किल्ली सारखी पलंगाखाली जायची आणि तेव्हाच्या फोनांना स्वतःचा टॉर्च नसायचा. वैतागून त्यानं चार दिवसांत मला तयार केलं. पाचव्या दिवशी तो पलंगाखाली डोकं घालून आडवा झाला, मला लावलं आणि किल्लीबरोबर त्याला एक हरवलेला मोजाही सापडला. तेवढ्यावर तो इतका खूश झाला की मोजा हातात नाचवत खोलीभर फिरला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात स्वच्छ दिवस होता.

मग दाढीवाला पुढे आला. तो म्हणाला, फुकट वाटायचं तर खुशाल वाटू, पण आपलंही भागलं पाहिजे की. त्यानं बाहेरून कुठून तरी एक तयार तुकडा आणला आणि तो माझ्या आत बसवायला सांगितला. तो तुकडा काय करायचा ते ऐका. मला कुणी लावलं रे लावलं की हा फोन कोणाचा, नंबर काय, आत्ता तो कुठे आहे आणि वाजलेत किती, हे सगळं गुपचूप एका दूरच्या कंपनीला कळवायचा. दिवा लागायला जेवढा वेळ, तेवढ्याच वेळात.

चष्मेवाल्यानं तेव्हा विचारलं होतं. त्याचे शब्द मला आजही आठवतात.

“टॉर्चला पत्ता कशाला हवा?”

दाढीवाला म्हणाला, “तुला काय करायचंय? सगळेच घेतात.”

आणि चष्मेवाला मूग गिळून गप्प बसला. त्या गप्प बसण्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. दाढीवाल्याला कळत नव्हतं असं म्हणता येईल, चष्मेवाल्याला तर कळत होतं. कळत असून त्यानं तो तुकडा माझ्या पोटात बसवला, वरून नीट शिवून टाकला आणि मला जगात सोडून दिलं.

असा फिरत फिरत मी एका शाळेच्या बसमध्ये पोचलो. ती बस चालवणारी बाई चाळिशीतली, उंच, आवाजानं खणखणीत. मुलं तिला बसमावशी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. अकरा वर्षं ती तीच बस चालवत होती. शाळेनं बसचं काम एका ठेकेदाराला दिलेलं होतं आणि ठेकेदाराच्या हाताखाली असे चौदा ड्रायव्हर होते.

बाकीचे तेरा जण शेवटचं मूल उतरलं की वरच्या आरशात एक नजर टाकत आणि गाडी सरळ गॅरेजला घालत. बसमावशीचं तसं नव्हतं. ती इंजिन बंद करायची, उठायची, मागच्या सीटपर्यंत चालत जायची आणि परत येताना एकेका सीटखाली वाकून बघायची. सीटखाली अंधार असतो, म्हणून मला लावायची. डबे सापडायचे, बूट सापडायचे, एकदा तर कुणाचा तरी पडलेला दात कागदात बांधलेला सापडला. तिनं तो दुसऱ्या दिवशी मालकाला परत केला. गॅरेजमधले तिला हसायचे. रोज पायपीट करते, हिला काय बक्षीस मिळणार आहे, म्हणायचे.

आणि एके दुपारी शेवटून दुसऱ्या सीटखाली, दप्तरावर गाल टेकवून, चार वर्षांचा एक मुलगा गाढ झोपलेला सापडला. त्याचा थांबा कधीच मागे पडला होता. खाली उतरवून घेणाऱ्या शेजारणीला वाटलं, आज तो शाळेतच गेला नसेल. बस गॅरेजला गेली असती, दारं बंद झाली असती, वर कडक ऊन होतं. पुढचं मी बोलत नाही. बसमावशीनं त्याला उचललं तेव्हा त्यानं एक डोळा उघडला, म्हणाला, “घर आलं?” आणि पुन्हा झोपला.

त्याची आई कोर्टाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करायची. ती धावत आली, बसमावशीचे दोन्ही हात धरून नुसती उभी राहिली. शाळेत टाळ्या झाल्या, मुख्याध्यापकांनी फोटो काढला. बसमावशी सगळ्यांना सांगत होती, मी काय केलं, या टॉर्चनं दाखवलं. मी तर फुगून गेलो होतो. मुलगा पुढे झोपाळू याच नावानं ओळखला जाऊ लागला, तो विषय वेगळा.

पण त्याच क्षणी, मित्रांनो, तो मुलगा माझ्या उजेडात डोळे चोळत असताना, माझ्या पोटातल्या तुकड्यानं कळवून टाकलं होतं की अमुक नंबरचा फोन अमुक रस्त्यावर आहे आणि दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झालीत. मला लाज वाटली. पण लाजून करतो काय? मला तोंड नाही.

आता जिन्याची गोष्ट सांगतो, कारण सगळं रामायण तिथेच घडलं.

बसमावशीला एक धाकटा भाऊ होता. घरं रंगवायचं काम करायचा. हात इतका साफ की भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे चिकटपट्टी न लावता रेघ मारायचा. पण दारू लागली. सकाळी हात थरथरायला लागले तसा एक दिवस तो स्वतःच बहिणीकडे आला आणि म्हणाला, मला कुठेतरी घेऊन चल. तिनं त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. त्यानं एकच अट घातली, की ही गोष्ट आपल्या तिघांच्या बाहेर जायची नाही. तिघं म्हणजे तो, ताई आणि आई. रंगाऱ्यावर लोक घर टाकून जातात, कपाटं उघडी असतात. दारुड्या म्हटल्यावर कोण दारात उभं करील? ताईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

केंद्र होतं तिसऱ्या मजल्यावर. खाली नळांचं आणि पाइपांचं दुकान, मधून जिना. जिन्याला खिडकी नाही आणि बल्बच्या जागी नुसता होल्डर लोंबत असलेला. भेटायची वेळ गुरुवारी दुपारी साडेचार. बस गॅरेजला लावून बसमावशी आईला घेऊन यायची. आईचा गुडघा गेलेला. मग बसमावशी मला लावायची आणि एक पायरी मागे राहून आईच्या पायांवर उजेड धरायची. आता वळण आहे, आता भिंतीला हात लाव, ही पायरी फुटलीये, असं सांगत सांगत ती आईला तीन मजले वर न्यायची.

आईनं एकदा म्हटलं, तुझ्या फोनमधलं ते पिवळं माझ्याही फोनमध्ये घालून दे, तुझा हात दुखतो. बसमावशीनं लगेच तिथेच, पायरीवर उभ्या उभ्या, मला आईच्या फोनमध्ये उतरवून दिलं. आईला फोनमधलं दुसरं काही यायचं नाही. मला मात्र ती पटकन ओळखायची. हे लक्षात ठेवा.

चौदा महिने मी तो जिना उजळला. मला वाटायचं, एवढं तरी चांगलं काम आपल्या हातून होतंय. आणि तेवढाच काळ माझ्या पोटातला तुकडा कळवत राहिला: गुरुवार, साडेचार, व्यसनमुक्ती केंद्र. गुरुवार, साडेचार, व्यसनमुक्ती केंद्र.

त्याच सुमारास नवा कायदा आला. आमच्यासारख्या अ‍ॅपांना वेसण घालणारा. कायद्याचं म्हणणं अगदी साधं होतं. माणसाची माहिती त्या माणसाची आहे. घ्यायची तर विचारून घ्या आणि कशाला घेता ते सांगा. कामापुरतीच घ्या. त्यानं मागितलं तर काय काय घेतलंय ते दाखवा आणि पुसा म्हणाला तर पुसा. हे ऐकून मी किती आनंदलो म्हणून सांगू! मला वाटलं, आता तरी हा पोटातला तुकडा निघणार.

कसला निघतोय! दाढीवाल्यानं तुकडा होता तिथेच ठेवला आणि माझ्या दारात एक पाटी टांगली. सहा स्क्रीन भरून बारीक अक्षर आणि खाली हिरवंगार, तळहाताएवढं ‘मान्य आहे’. ‘नको’ म्हणायची सोय होती, नाही असं नाही. पण ती शोधायला भिंग हवं. विचारल्यासारखं केलं, की झालं यांचं काम.

ती पाटी बसमावशीसमोर आली तेव्हा ती बसच्या दारात उभी होती. अठ्ठावीस मुलं चढत होती, एकाची पाण्याची बाटली उलटली होती, दुसरा सीटखाली गेलेली पेन्सिल मागत होता. तिला उजेड हवा होता आणि मध्ये पाटी. तिनं हिरव्यावर अंगठा दाबला. तुम्हीही तेच केलं असतं. त्या बिचारीला मी काय बोलू? ज्यांनी नेमकी अशा वेळेसाठी पाटी बनवली, त्यांना बोलायला मात्र मला शब्द पुरत नाहीत.

दोन महिन्यांनी ठेकेदारानं बसमावशीला बोलावलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर खांदे उडवले. अकरा वर्षांत तिच्या गाडीला ओरखडा नाही, एक मूल कधी उशिरा पोचलं नाही. ती तिथेच उभी राहिली. शेवटी गॅरेजच्या मेकॅनिकनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, की ठेकेदारानं एक नवीन सेवा घेतलीय. ड्रायव्हरचा नंबर टाकला की ती कंपनी सांगते हा माणूस ठेवण्यात धोका किती. तेरा जणांपुढे हिरवा ठिपका आला, तुमच्यापुढे लाल.

तेरा जणांपुढे हिरवा. जे आरशात बघून गाडी आत घालतात त्यांच्यापुढे हिरवा! सांगा, चिडू नको तर काय करू?

बसमावशी झोपाळूच्या आईकडे गेली. तिनं सगळं ऐकून घेतलं, टाइपरायटरमधला कुणाचा तरी अर्ज काढून ठेवला आणि कोरा कागद चढवला. नवा कायदा तिला पाठ होता, रोज कुणी ना कुणी त्यासाठी अर्ज करून घ्यायचं. लाल ठिपका देणाऱ्या कंपनीला पत्र अडीच ओळींचं झालं: माझ्याबद्दल तुमच्याकडे काय माहिती आहे आणि ती कुठून आली, हे कायद्यानं मला कळवा. पहिल्यांदा उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा आलं ते भलत्याच खात्याकडे बोट दाखवणारं. बरीच टोलवाटोलवी झाली. तिसऱ्या पत्राला, कायद्यानं दिलेली मुदत संपायच्या आदल्या दिवशी, एक पान आलं.

ते पान तिनं स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून वाचलं. वर तिचा नंबर. खाली लिहिलेलं: व्यसनमुक्ती केंद्र, आठवड्यातून एकदा, चौदा महिने, नियमित. निष्कर्ष: धोका जास्त. आणि शेवटच्या ओळीत, माहिती कुठून आली त्या रकान्यात, माझं नाव.

तिनं फोन हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मला लावलं, बंद केलं, पुन्हा लावलं. ओट्यावर उजेड पडत होता आणि जात होता. दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मित्रांनो, ती रुग्ण म्हणून तिथे गेली नव्हती. ती एका म्हातारीच्या पायांवर उजेड धरायला गेली होती. हे जगात ज्याला पक्कं ठाऊक होतं तो मी. साक्षीदार मी, आणि चहाडी करणाराही मीच. खोटं असं मी काही कळवलं नव्हतं. ती तिथे होती हे खरंच होतं. पण ती तिथे का होती, हे त्या तुकड्याला कधी कळलं नाही आणि विचारायची गरजही कुणाला वाटली नाही.

ते पान घेऊन ती ठेकेदाराकडे गेली. ठेकेदार वाईट नव्हता, आळशी होता. त्यानं पान वाचलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, “ताई, एक कागद आणा. रुग्ण तुम्ही नाही, कोण आहे ते केंद्राकडून लिहून आणा. उद्यापासून गाडी तुमची. विषय संपला.”

विषय संपला म्हणे! तिनं तो कागद आणला असता तर तिचं काम परत मिळालं असतं आणि भावाचं गेलं असतं. घरी आईसुद्धा म्हणाली, माझा मुलगा आहे, मी सांगते, मला कुणाची लाज नाही. बसमावशी म्हणाली, तुझा मुलगा असला तरी गोष्ट त्याची आहे. वर्षाहून जास्त काळ त्यानं थेंब घेतला नव्हता. केंद्रातल्या भिंती त्यानं फिकट निळ्या रंगवून दिल्या होत्या. बहिणीचं काम आपल्यापायी गेलं हे त्याला कळलं तर काय होईल, या विचारानं ती चार महिने दर गुरुवारी हसऱ्या चेहऱ्यानं तो जिना चढत होती. गॅरेजचा वास यावा म्हणून जुनाच शर्ट घालून जायची. झोपाळूची आई तोवर नव्या कायद्याखाली तक्रार दाखल करून मोकळी झाली होती.

सुनावणी एका सरकारी इमारतीत झाली. लांब टेबल, पाण्याचा जग, त्यावर उपडा पेला. मधल्या खुर्चीत निकाल देणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या एक बाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. एका बाजूला बसमावशी आणि झोपाळूची आई. दुसऱ्या बाजूला दाढीवाला, ठिपके देणाऱ्या कंपनीचा माणूस आणि कोपऱ्यात खाली मान घालून चष्मेवाला. किती वर्षांनी मी त्याला पाहिलं! केस गेले होते.

दाढीवाल्याचं एकच पालुपद. ह्यांनी स्वतःच्या हातानं ‘मान्य आहे’ दाबलं, वेळ आणि तारीख आमच्याकडे आहे. सुनावणीच्या बाईंनी फोन मागून घेतला, पाटी उघडली आणि म्हणाल्या, मला ‘नको’ म्हणायचंय, बघू जमतं का. त्यांनी चष्मा लावला. मग काढून पुसला, पुन्हा लावला. त्या बोटानं वर-खाली करत राहिल्या. एकदा चुकून ‘मान्य आहे’ दाबलं गेलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पाच मिनिटं झाली तरी त्यांना ‘नको’ सापडलं नाही. त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि चष्मा खाली सोडला.

मग ठिपकेवाला माणूस सरसावला. तो गोड आवाजात म्हणाला, की आम्ही या ड्रायव्हरबाईंना काही म्हटलेलंच नाही, आम्ही फक्त धोका सांगितला. आमचं चुकलं असेल तर बाईंनी आत्ता इथे सांगावं, त्या तिथे कशासाठी जात होत्या. आम्ही लगेच दुरुस्त करू.

सगळ्यांनी बसमावशीकडे बघितलं. मीही. मला वाटलं, सांग बाई, सूट एकदाची.

ती उभी राहिली. बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा तोच तिचा आवाज.

“मी तिथे का जात होते ते मी सांगणार नाही. सांगितलं तर आत्ता सुटते, मला कळतं. पण यांनी माझी पेटी फोडली, आणि आत काही वावगं नव्हतं हे पटवायला उरलेली पेटी मीच यांच्यासमोर रिकामी करू? मी गाडी कशी चालवते ते विचारा. अकरा वर्षांचं सांगते. गुरुवारचं विचारायचा हक्क यांना कुणी दिला?”

सुनावणीच्या बाईंनी तिला बसायची खूण केली आणि त्या दाढीवाल्याकडे वळल्या. म्हणाल्या, कायदा म्हणतो, कामापुरतंच घ्या. तेव्हा मला एवढंच सांगा, उजेड पाडायला पत्ता लागतो का? दाढीवाला म्हणू लागला की ग्राहकांना अधिक चांगली सेवा देण्याच्या दृष्टीनं वगैरे वगैरे. बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं आणि कोपऱ्यात बघितलं. विचारलं, हे बनवलं कोणी?

चष्मेवाला उठला. “मी.”

“लागतो का?”

त्यानं टेबलावरच्या फोनकडे, म्हणजे माझ्याकडे, बघितलं.

“नाही,” तो म्हणाला. “कधीच लागत नव्हता.”

फार उशिरा बोललास बाबा. पण बोललास. त्या दिवसापुरता माझा तुझ्यावरचा राग अर्धा झाला, पुरता गेलेला नाही.

निकाल बसमावशीच्या बाजूनं लागला. ती तिथे का जायची हे सांगायची तिच्यावर कसलीही सक्ती नाही, असं बाईंनी लिहून दिलं. लाल ठिपका काढायला लावला. माझ्या पोटातला तुकडा काढा, नवा टॉर्च बनवा आणि घेतलेलं सगळं पुसा, असा हुकूम झाला. आता पुसण्याचं ऐका. तिची माहिती एकूण अकरा ठिकाणी गेली होती. सात जणांनी पुसली म्हणून कळवलं. तिघांनी उत्तरच दिलं नाही. अकरावी कंपनी बंद पडली होती आणि तिच्याकडचं सगळं घबाड कोण घेऊन गेलं हे कुणालाच माहीत नाही. म्हणजे तो जिना, ती वेळ, तो गुरुवार आजही कुठेतरी पडून आहे. कायदा आला हे चांगलंच झालं, त्याच्याशिवाय ती उभीही राहू शकली नसती. पण कायदा यायच्या आधी जे दाराबाहेर गेलं, त्याच्यामागे तोही कुठवर धावणार?

ठेकेदारानं तिला परत बोलावलं आणि तोंड भरून माफी मागितली. निघताना हळूच विचारलंच, तरी पण ताई, तिथे होतं कोण? ती नुसती हसली आणि किल्ली उचलली.

त्या दिवशी बसमावशीनं माझ्या पिवळ्या चित्रावर अंगठा दाबून धरला. चित्र थरथरायला लागलं. ‘काढून टाकायचे?’ असं फोननं विचारलं आणि तिनं क्षणाचाही विचार केला नाही. बरोबर केलं. मी तिच्या जागी असतो तर कधीच केलं असतं. आता ती सेलचा टॉर्च वापरते, लोखंडी, दोन सेलांचा. त्याला कोण कुठे आहे यातलं काही कळत नाही. शेवटचं मूल उतरलं की ती इंजिन बंद करते, मागे चालत जाते आणि सीटखाली वाकते. हे मला घरी तिच्या तोंडून ऐकून कळलं.

कुठल्या घरी, विचाराल. मित्रांनो, मी आईच्या फोनमध्ये आहे.

बसमावशीनं आपला फोन साफ केला, झोपाळूच्या आईनं आपला केला, मेकॅनिकनंसुद्धा केला. सगळ्यांनी हुश्श म्हटलं. आईच्या फोनची आठवण कुणालाच झाली नाही. नवा टॉर्च तयार झालाय, तो कुणाला काही विचारत नाही, नुसता उजेड पाडतो. त्याचा मला हेवा वाटतो. पण तो या फोनमध्ये यायचा तर जागा लागते आणि इथे मुंगी शिरायला जागा नाही. नातेवाइकांनी पाठवलेली फुलांची आणि सुविचारांची चित्रं तळापासून वरपर्यंत ठासून भरलीत. फोन रोज सांगतो, जागा नाही. आई रोज त्यावर अंगठा फिरवून ते बाजूला सारते. म्हणून इथे अजून जुना मीच आहे, आणि माझ्या पोटात तोच तुकडा आहे. तो चष्मेवाल्याच्या किंवा दाढीवाल्याच्या परवानगीसाठी थांबत नाही. त्याला जिथे पोचवायचं तिथे तो परस्पर पोचवतो.

पुढच्या महिन्यात धाकटा घरी येणार आहे. आईनं ठरवलंय, हा फोन त्याला द्यायचा. कामं मिळवायला नंबर लागतो ना. हा नंबर तो छापील कार्डावर घालणार आहे. मग कोणीतरी कुठेतरी तो नंबर टाकून बघेल, आणि त्याच्यापुढे लाल ठिपका येईल. त्याच्या ताईनं जे एवढं सोसून तोंडातून काढलं नाही, ते मी सांगून मोकळा झालेलो असेन.

म्हणून तुमच्याकडे हे मागणं आहे. आपला फोन तपासा आणि मग उठून आईचा तपासा, आजीचा तपासा, ज्यांना फोनमधलं फारसं कळत नाही त्या प्रत्येकाचा तपासा. माझ्यासारखा जो कोणी आत बसला असेल त्याला विचारा, तुझं काम काय आणि तू मागतोस काय. पटलं नाही तर हाकला. आमच्यावर दया करू नका.

आज गुरुवार आहे. चार वाजून अठ्ठावीस मिनिटं झालीत. नळांच्या दुकानाशेजारी आई उभी आहे, बसमावशी मागून येते आहे. तिनं पिशवीतून लोखंडी टॉर्च काढला, पण आई म्हणाली, “राहू दे गं, माझ्यात आहे ना.” तिनं फोन काढलाय. तिचा अंगठा माझ्याकडे येतोय.

अरे, कुणीतरी मला काढा.